न पाहिलेल्या खोलीचा नकाशा

अख्ख्या खानदेशात कोणाच्याही सांगण्यावर विश्वास न ठेवणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या नात्यात पडला. माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. मोजणीखात्यात त्यांची सगळी नोकरी शिरपूरपासून नरडाण्यापर्यंतची शेतं मोजण्यात गेली होती. बांधावरचं एकच लिंबाचं झाड अलीकडून पाहिलं तर एका भावाचं वाटतं आणि पलीकडून पाहिलं तर दुसऱ्याचं, एवढं एक ज्ञान घेऊन ते निवृत्त झाले होते. त्या ज्ञानाचा त्यांनी घरीदारी इतका वापर केला, की धुळ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांना कोणी सहसा बातमी सांगत नसे. शेजारच्या नानांनी धापा टाकत येऊन "आबा, तुमच्या न्हाणीत साप शिरला!" असं सांगितलं, तेव्हा आतोबांनी चष्मा पुसत शांतपणे विचारलं होतं, "तुम्ही कुठे उभे होतात? सापाचा कुठला भाग दिसला? शेपूट? मग तो शिरला असं कसं म्हणता? निघालाही असेल." या चौकशीत साप खरोखरच निघून गेला आणि नाना पुढे महिनाभर आमच्याकडे फिरकले नाहीत. माझ्या चुलत्यांनी मुलगी पाहून आल्यावर "मुलगी गोरी आहे" म्हटलं, तर यांचा पहिला प्रश्न, "दिवा कोणत्या बाजूला होता?"

मी मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून धुळ्याला गेले, तेव्हा बावीस वर्षांची होते. राहायला आत्याकडे. आतोबा मला 'मास्तरीणबाई' म्हणत. शाळेतून परत यावं तर पांझरा नदीकडून येणारा गार वारा ओसरीवर खेळत असे, उन्हाचा एक लांब पट्टा जमिनीवरून हळूहळू भिंतीवर चढत असे आणि त्या पट्ट्यात आतोबा मासिक उघडून डोळे मिटून बसलेले असत. झोपलेत म्हणावं तर बोटं हवेत काहीतरी आखत असत. हे मासिक म्हणजे त्यांच्या म्हातारपणाचा प्राण होता. त्यात एक कादंबरी दर महिन्याला एकेक प्रकरण करून येत होती, आणि तिने सगळं धुळं वेडं केलं होतं.

कादंबरीत एका मोठ्या घरातली धाकटी सून स्वतःच्या तोंडून आपली हकिकत सांगत असे. तिची थोरली जाऊ मोठी गूढ बाई. रोज दुपारी जेवणं आटोपली की ती मधल्या खोलीत जाई आणि आतून कडी लावून घेई. तासाभराने बाहेर येई ती एकही शब्द न बोलता. त्याच सुमारास घरातल्या सोन्याच्या पाटल्या नाहीशा झाल्या होत्या. झालं. थोरली चोर आहे, यावर वाचनालयाच्या ओट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींचं एकमत झालं. पुढच्या प्रकरणात ती पकडली जाणार की माहेरी पळणार, एवढ्यावरच पेढ्यांच्या पैजा लागत. एक वकील तर तिच्यावर कोणतं कलम लागेल ते सांगत.

"पण हे सगळं कोण सांगतंय?" आतोबा हातातली काठी आपटून विचारत. "धाकटी! आणि धाकटी आहे कुठे? स्वयंपाकघरात, चुलीपुढे. तिला काय दिसलं? बंद झालेलं दार. मग दाराची साक्ष घ्या, थोरलीवर आरोप कसला करता?"

ते नुसतं बोलून थांबत नसत. एका जुन्या नकाशाच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी त्या कादंबरीतल्या घराचा नकाशाच काढला होता. चूल इथे, माजघर इथे, विहीर इथे. धाकटीला जिथून जे दिसतं तेवढं काळ्या शाईने, आणि जे तिला दिसूच शकत नाही ती जागा कोरी. मधली खोली अर्थात पांढरीशुभ्र. नवं प्रकरण आलं की ते पट्टी घेऊन बसत, आणि मग पुढच्या प्रकरणात काय होणार हे एका लिफाफ्यात बंद करून वाचनालयाच्या चिटणिसांकडे देत. पुढच्या महिन्यात लिफाफा सर्वांसमक्ष फोडला जाई, आणि आतोबांचं भाकीत न चुकता चुकलेलं असे. थोरली खोलीत देव पुजत असेल, असं त्यांनी लिहिलं. मग तिला असाध्य रोग असेल, असं लिहिलं. मग खोलीत एखादा फरारी देशभक्त लपवला असेल, असंही लिहिलं, आणि ते वाचल्यावर चिटणिसांनी घाबरून लिफाफा चुलीत घातला. धाकटीला सगळं दिसत नाही, हे धुळ्यात एकट्या आतोबांना कळलं होतं, आणि धुळ्यात सगळ्यांत जास्त वेळा चुकले तेच.

आत्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "कोरी जागा दिसली की तुम्ही लगेच तिथे घर बांधता." आतोबांनी ते ऐकलं नाही. आत्याचं बोलणं ते फारसं ऐकत नसत. ती वाचत नसे, म्हणून तिचं मत ते धरीत नसत.

त्यांची एकुलती मुलगी यमू चाळीसगावला दिली होती. तिचं दर पंधरवड्याला पत्र येई आणि ते आतोबा मोठ्याने वाचत. "मी सुखात आहे. सासूबाई फार जपतात. काळजी नसावी." जगातल्या यच्चयावत माणसांना 'तू कुठे उभा होतास' विचारणारा हा माणूस यमूच्या पत्रातल्या एका अक्षरावर शंका घेत नसे. वाचताना आवाज ओला होई, आणि मग पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात.

त्या हिवाळ्यात मी एक चूक केली. मुलींच्या वह्या तपासून तपासून माझी नजर अक्षरावर आधी जात असे. यमूचं पत्र सहज हातात घेतलं आणि बोलून गेले, "आतोबा, हे यमूचं अक्षर नाही."

आतोबांनी आतून पत्रांचा गठ्ठा आणला, पत्रं ओळीने मांडली. चार महिन्यांची पत्रं दुसऱ्याच कोणाच्या तरी हातची होती. अडखळत गिरवलेली अक्षरं, आणि प्रत्येक पत्रात 'काळजी नसावी' दोनदोनदा.

"तिला लिहू देत नाहीत," ते म्हणाले. "कोंडून ठेवलंय. हे कोणीतरी बसून लिहितंय आणि आपल्याला गप्प ठेवतंय."

"अहो, आधी पत्र टाकून विचारा तरी," आत्या म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता.

"पत्र वाचणार कोण? तेच!"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं चाळीसगावला निघालो. मुलीला घेऊनच यायचं, असं ठरवून आतोबांनी तिच्यासाठी शाल बरोबर घेतली होती. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. सकाळच्या धुक्यात ती शेतं जमिनीवर उतरलेल्या ढगांसारखी दिसत होती, आणि आतोबा त्यांच्याकडे न पाहता समोरच्या फळीकडे पाहत होते.

यमूच्या घरी सासूबाई ओट्यावर उन्हात वाती वळत बसल्या होत्या. आतोबा पायरीही चढले नाहीत. रस्त्यातूनच ओरडले, "माझी मुलगी कुठे आहे?"

म्हातारी गडबडून उठली. "या भाऊ, बठा. यमू आंग धुई राहिनी."

"आंघोळ करतेय की कोंडलंय? चार महिने तिचं अक्षर नाही! तुम्ही लोकांनी..." पुढे ते जे बोलले ते मी लिहीत नाही. शेजारची दारं उघडली, कापसाची एक गाडी रस्त्यात थांबली. ही मुलगी आज इथून न्यायची, पुन्हा पाठवायची नाही, असं ते सगळ्या गल्लीला सांगत होते. म्हातारी हातातली वात तशीच धरून उभी होती.

तेवढ्यात आतून यमू आली. केस ओले, आणि तिच्या मागे तिची थोरली जाऊ हातात पंचा घेऊन. ती यमूचे केस पुसत होती, तशीच धावत आली होती. यमूचा उजवा हात छातीशी बांधलेला होता.

"बाबा, हे काय चालवलंय?"

विहिरीवर पाय घसरून हात दोन ठिकाणी मोडला होता. हाडवैद्याने बसवला तो वाकडा, मग दवाखान्यात नेऊन पुन्हा बसवावा लागला. बोटांत अजून लेखणी ठरत नव्हती. म्हणून यमू सांगे आणि थोरली लिही. थोरली तीनच यत्ता शिकलेली. एक पत्र लिहायला तिला दोन दुपारी लागत.

"मी रोज सांगस हिले, मायबापले कळवा," सासूबाई म्हणाल्या. "आयकस नई हाई पोर."

"कळवून काय झालं असतं?" यमू रडत रडत हसली. "बाबांनी विहिरीचा नकाशा मागवला असता."

आतोबा रस्त्यातच उभे होते. मग त्यांनी वहाणा काढल्या, ओट्याची पायरी चढले आणि त्या म्हातारीपुढे हात जोडले. सासूबाईंनी गल्लीकडे पाहून "जा आते, आपापला घर!" म्हणून सगळ्यांना पिटाळलं आणि आतोबांना म्हणाल्या, "बापनं काळीज शे भाऊ. चला, जेवा."

वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. आतोबा मान खाली घालून जेवत होते. थोरली वाढत होती. तिने जरा धीर करून विचारलं, "आबा, ते मासिक मी यमूला वाचून दाखवते. त्यातली थोरली दार लावून काय करते हो? यमू म्हणते, तुम्हाला ठाऊक असेल."

"मला ठाऊक नाही, बाई," आतोबा म्हणाले. इतक्या हळू, की तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

यमूला आम्ही आणलं नाही. शाल तेवढी थोरलीला दिली. त्यानंतर आतोबांनी लिफाफे देणं बंद केलं. ओट्यावरच्या मंडळींनी खूप चिडवलं, पण ते नुसते हसत.

उन्हाळ्यात कादंबरीचं शेवटचं प्रकरण आलं. आतोबांनी ते आम्हाला ओसरीवर वाचून दाखवलं. पाटल्या सासऱ्यांनीच आपल्या विधवा बहिणीला गुपचूप दिल्या होत्या. आणि थोरली? थोरली मरणपंथाला लागल्यावर धाकटीने एकदाचं तिला विचारलं, तू दार लावून काय करायचीस? ती म्हणाली, झोपायचे गं. पहाटेपासून पायावर उभी असे. कडी नसती लावली तर कोणीतरी हाक मारली असती.

धुळं चिडलं. वर्षभर पैजा लावून शेवटी झोप! वकिलांनी तर संपादकांना खरमरीत पत्र लिहिलं. आमच्या ओसरीवर मात्र कोणी चिडलं नाही. आत्या तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "एवढं तर मीही सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही."

आतोबा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. इतके दिवस एका घरात राहून मी त्यांना तिच्याकडे असं पाहताना कधी पाहिलं नव्हतं. मग ते उठले. तिच्या हातातलं सूप त्यांनी काढून घेतलं आणि म्हणाले, "जा, आडवी हो."

"आता? भर दुपारी? लोक काय म्हणतील?"

"जा म्हणतो ना."

ती आत गेली. आतोबांनी दार ओढून घेतलं आणि उंबऱ्याशी बैठक मारली. मांडीवर सूप, त्यात निम्मे पाखडलेले तांदूळ. बाहेर ऊन पांढरंफेक पडलं होतं. बऱ्याच वेळाने शेजारच्या नानांनी फाटकातून आत्याला "अक्का!" अशी हाक मारली, तेव्हा आतोबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आपल्या आवाजाचीच भीती वाटावी इतक्या हळू सांगितलं, "हळू बोला. ती झोपली आहे."