पेंटरकाकांनी केलेली शिफारस

पेंटरकाका कुठलीही पाटी नुसती वाचून पुढे जात नसत. थांबत, मोठ्याने वाचत आणि मग तर्जनीने हवेत तिच्यातले जादा शब्द खोडत. एका लग्नाच्या हॉलबाहेर त्यांनी यजमानांनाच ऐकवलं होतं की ‘सहर्ष’ आणि ‘हार्दिक’ यांतलं एक काढा, स्वागत तेवढंच राहील. गडमुडशिंगीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. काकूसुद्धा दारातून “पेंटर, जेवायला चला” म्हणायच्या.

दूध संस्थेपासून पिठाच्या गिरणीपर्यंत गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. पाटी रंगवून झाली की ते रस्ता ओलांडून समोर जात आणि एक डोळा मिटून बघत. तिथून जे वाचता येत नाही ते परत येऊन पुसत, मग मालक कितीही कुरकुरू दे. नव्या दुकानाची पाटी लागली की तिथली पहिली खरेदीही तेच करत, अगदी रुमाल का होईना. बोहनी पेंटरची, हा त्यांचा नेम. पुढे फ्लेक्स आले आणि काकांचे ब्रश डब्यात तसेच उभे राहिले. फ्लेक्स बघून ते एवढंच म्हणत, “फोटो अकरा हाईत, पर दुकान कशाचं हाय?”

आमचं घर त्यांच्या समोरच. मी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करत होते. बाबा गेले, आईला दिसणं कमी होत गेलं, तेव्हा नोकरी सोडून तेच काम घरून घ्यायचं ठरवलं. कामं मिळावीत म्हणून नोकरीधंद्यातल्या ओळखींच्या साइटवर मोठ्या झोकात प्रोफाइल केलं. पाच महिने तिकडे कुत्रं फिरकलं नाही. पुण्याची एक नोकरी चालून आली होती. दिवाळीपर्यंत काम मिळालं नाही तर आईला इथे एकटी सोडून तिकडे जायचं, एवढंच हातात उरलं होतं.

हे आईकडून कळल्यावर काका एका सकाळी आमच्या कट्ट्यावर येऊन बसले आणि तुझी पाटी दाखव म्हणाले. मी प्रोफाइलवरचा इंग्रजी मजकूर मराठी करून वाचला. उत्साही, कष्टाळू, सर्जनशील, नव्या आव्हानांच्या शोधात असलेली, सर्वांशी मिळूनमिसळून राहणारी.

“लग्नाला उभी हाईस का कामाला?” काकांनी विचारलं.

मला राग आला, कारण ते सगळं लिहायला मला आठवडा लागला होता. काकांना त्याचं काही नव्हतं. माझ्याकडे गिऱ्हाईक येईल ते हातात काय घेऊन येईल, एवढंच त्यांना हवं होतं. मी सांगितलं, जुन्या मशीनचा तुटलेला भाग घेऊन येईल, ज्याचं ड्रॉइंग कुठेच मिळत नाही.

“मग त्येच लिव की. गिऱ्हाईक तुला बगाय येत न्हाय. सोताची अडचण घिऊन येतंय.”

मग आम्ही पुसायला बसलो. सगळी विशेषणं गेली. वर एकच ओळ राहिली, तुटलेला भाग पाठवा, ड्रॉइंग करून देते. चुलतबहिणीच्या लग्नातला माझा फोटो गेला, त्यात माझ्यापेक्षा नथच जास्त दिसत होती. त्या जागी हातात मोजमापाचं कॅलिपर घेऊन काम करतानाचा आला, तोही काकांनीच काढलेला. खाली एका मोडक्या गिअरचा फोटो आणि शेजारी मी केलेलं त्याचं ड्रॉइंग लावलं. शेवटी मला लॅपटॉप धरून उभं करून काका रस्त्यापलीकडे गेले आणि एक डोळा मिटून बघू लागले. एवढ्या लांबून त्यांना काय दिसलं देव जाणे, पण मान हलवत परत आले.

तळाशी शिफारसींची जागा रिकामी होती. ओळखीच्या लोकांनी तिथे आपल्याबद्दल लिहायचं असतं, असं मी म्हटलं. ही बोहनीही आपलीच, असं काकांनी ठरवून टाकलं. मोबाईलच्या दुकानात जाऊन स्वतःचं खातं उघडून घेतलं आणि तीन दिवस खपून माझी शिफारस लिहिली. मी मंजूर केल्याशिवाय ती लोकांना दिसणार नव्हती. मला आली ती अशी: “हिला मी फ्रॉक घालायची तवापास्नं वळखतो. एकदा माजा रंगाचा डबा सांडला, तर सोता यिऊन सांगिटलं. हिचा हात सरळ हाय. ही खोटं बोलत न्हाय. काम द्या.”

वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि पाठोपाठ लाज वाटली. मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर हे वाचतील आणि हसतील. मी मंजुरीचं बटण दाबलं नाही. काकांना सांगितलं की साइटवाले तपासून मग लावतात, वेळ लागतो. काही दिवस ते कट्ट्यावरून विचारत, “आलं का पाटीवर?” आणि मी म्हणायची, येईल.

दसऱ्याच्या सुमारास साताऱ्याहून एका कारखानदाराचा फोन आला. पंपाचा तुटलेला भाग होता, ड्रॉइंग नव्हतं. वरची ओळ वाचूनच त्याने फोन केला होता. त्याच्यामागून आणखी दोन कामं आली आणि मी पुण्याला नकार कळवला. पेढे घेऊन गेले तेव्हा काकांनी विचारलं, “माजं लिवल्यालं वाचून आला व्हय त्यो?” मी हो म्हटलं. काका जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग पेढा तोंडात टाकला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत सांगून आले की पोरीची बोहनी आपण केली.

या पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि तो छातीत उतरला. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ते समोरच्या भिंतीवरची सूचना वाचत होते आणि सुई टोचलेल्या हाताच्या बोटाने शब्द खोडत होते. मी सगळं कबूल करायचं ठरवून गेले होते. पण ते घरी आले की आधी बटण दाबू, मग सांगू, असं मनाने घेतलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेरावं झाल्यावर काकू त्यांचा मोबाईल घेऊन आमच्याकडे आल्या. पेंटरनी लिहिलेलं तेवढं दाखव म्हणाल्या. मी काहीबाही बोलू लागले, तोवर त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यात माझंच प्रोफाइल उघडलेलं होतं.

“रोज च्या पिताना ह्ये उघडून बगायचे,” काकू म्हणाल्या. “अजून लावलं न्हाय म्हणायचे. मी म्हटलं, इचारू का तिला? तर म्हणाले, लाज वाटत असंल पोरीला. असू दे. तिला इचारू नगंस.”

म्हणजे पेढे घेतले त्या दिवशीही त्यांना माहीत होतं. माहीत असूनच ते माझं खोटं गल्लीभर खरं करून आले होते.

मी काकूंच्या समोर बटण दाबलं. त्यांनी काचेवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि पदर डोळ्यांना लावला. मला रडायचीही लाज वाटत होती, तरी रडले.

शिफारस आता प्रोफाइलवर आहे. अजून कुणी हसलेलं नाही. काकांच्या रीतीने बघितलं तर तिच्यात एक वाक्य जादा आहे, ‘ही खोटं बोलत न्हाय.’ मी रोज ते वाचते. बोट उचलते, पण खोडवत नाही.