बुटकीच्या मानेवरचा डाग

आमच्या गोरेगावात मेंढरं पुष्कळांकडे आहेत, पण उंट एकट्या तातेरावकडे. दरसाल काठेवाडी लोक आपले कळप आणि उंट घेऊन आमच्या शिवारातून जातात. एका साली त्यांनी पाय मोडलेलं उंटाचं पिल्लू मागे सोडलं. तातेरावच्या पोरानं, शिवप्रसादनं, ते घरी आणलं, पायाला बांबूच्या कांब्या बांधल्या आणि नाव ठेवलं बुटकी. पुढे ती एवढी वाढली की माझ्या दुकानाच्या पत्र्यावर तिची मान टेकायची, तरी नाव तेच राहिलं. मेंढरं चाऱ्यासाठी सिद्धेश्वरच्या धरणाकडे निघाली की तातेरावचा सगळा संसार बुटकीच्या पाठीवर असे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शिवप्रसाद गेला. हिंगोलीला दवाखान्यात जागा मिळाली, ऑक्सिजनही मिळाला, पण फार उशीर झाला होता. नंतर तातेराव माझ्या दुकानावर येऊन बसायचा आणि चहावर साय धरली तरी कपाला हात लावायचा नाही. मला गप्प माणसं सोसत नाहीत. पण त्याला हटकायची माझी छाती झाली नाही.

त्याच दिवाळीत माझी भाची मंजुषा आली. ती पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. दुकानासमोर उंट पाहून ती हातातली बशी ठेवून उठली. मला वाटलं, पोरीला उंटावर बसायचंय. तिला हवं होतं उंटाचं रक्त.

"मामा," ती तातेरावला म्हणाली, आजोळचा माणूस म्हणून ती त्यालाही मामाच म्हणायची, "आजाराशी लढायला आपल्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ती आकारानं मोठी असतात. उंटाच्या रक्तात त्यांची एक साधी, लहान जात असते. तिचं नुसतं टोक काढून घेतलं तरी ते विषाणूला घट्ट धरतं. किल्लीच्या दातांत काडी अडकली की ती कुलपात जात नाही, तसा विषाणू मग अंगात शिरत नाही. असे तुकडे पुढे प्रयोगशाळेत पाहिजे तेवढे बनवता येतात. उद्या वाफेतून थेट छातीत देता येतील."

"आन् बुटकीला कोरोना देणार?"

"नाही हो. विषाणूचा नुसता एक निरुपद्रवी भाग टोचायचा. दर काही आठवड्यांनी सुई, आणि शेवटी मानेतून थोडं रक्त. तिला काही होणार नाही."

तातेरावनं बुटकीच्या मोडून जुळलेल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाला, "हे औषध तवा असतं, तर आमचं पोरगं वाचलं असतं का?"

"माहीत नाही, मामा."

ती खोटं बोलली नाही, हे त्याला आवडलं असावं. "घ्या मंग," तो म्हणाला. "त्यानंच वाचवलेलं जनावर हाय. दुसऱ्याच्या लेकराच्या कामी येऊन राहिलं तर चांगलंच."

परवानग्या आल्या, पुण्याहून जनावरांचे डॉक्टर आले. पहिली सुई बिनबोभाट पार पडली. तातेराव गावात ताठ मानेनं चालू लागला. पंचफुलाबाई, त्याची बायको, मला म्हणाली, "धनी आता दोन घास जेवून राहिले." मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या सुईनंतर बुटकीच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली. "थोडी सूज येईल, घाबरू नका," असं मंजुषा सांगून गेली होती. तातेराव घाबरला नाहीच. घाबरलेला माणूस फोन करतो. त्याच्या बापानं, आज्यानं सुजलेल्या जनावराला जे केलं तेच त्यानं केलं. भल्या सकाळी विळ्याचं टोक विस्तवात लाल केलं, पंचफुलाबाईला दोरी धरायला लावली आणि गाठीवर डाग दिला.

डाग चिघळला. बुटकीला ताप चढला, तिनं चारा सोडला. डॉक्टर धावत आले. जबर औषधं द्यावी लागली, तेव्हा कुठे ती उठली. पण अशा आजारातून उठलेल्या जनावराला पुढची सुई देता येत नाही, रक्तही काढता येत नाही. नियमच तसा आहे. काम तिथंच संपलं.

मंजुषा माझ्या दुकानात बसून रडली. "ती सूज म्हणजे तिचं अंग लढायला लागलं होतं, मामा. तेच तर पाहिजे होतं."

तातेराव दारातच उभा होता. मी त्याच्यावर डाफरलो, "अरे, पोरगी सांगून गेली होती ना? काहून हात लावलास?"

तो खाली बघत म्हणाला, "शिवप्रसादला ताप आला, तवा समदे म्हणले, थोडा हाय, उतरंल. आमी बसून राहिलो. ह्या बारीला बसवलं न्हाई."

त्याच्यावर ओरडलो याची लाज वाटली, ती अजून वाटते.

गेल्या साली मंजुषाचा फोन आला. राजस्थानातल्या एका उंटाच्या रक्तातून त्यांना हवा तसा तुकडा मिळाला होता. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर तो चांगला चालला. माणसांपर्यंत यायला अजून वेळ होता. तातेरावच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून तिनं मुद्दाम त्याला फोनवर बोलावलं.

मी फोनचा आवाज मोठा करून दिला, त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माय, त्या उंटाची बी मान सुजली व्हती का?"

"हो, मामा."

"मंग काय केलं?"

"काही नाही. वाट पाहिली. आपोआप उतरली."

त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर गेला. बुटकी कडुलिंबाखाली बसली होती. तिच्या मानेवर डागाच्या जागी केस उगवत नाहीत. तिथं तळवा ठेवून तो उभा राहिला.

"वाट पाहिली तवा पोरगं गेलं," तो म्हणाला. "न्हाई पाहिली तवा हे झालं. कवा थांबायचं, हे आमाला कुणी सांगायचं?"

मी त्याच्यासाठी चहा सांगितला. तोही गार झाला.