सगळ्या ग्रिप बदलून टाक

"सगळ्या ग्रिप बदलून टाक. आजच्या आज."

साहेब क्लबातल्या दुकानवाल्याला बोलला. मी शेजारीच उभा. ग्रिप म्हणजे गोल्फच्या स्टिकची मूठ, रबराची. रबर फाटलं नव्हतं, झिजलं नव्हतं. माझे हात लागले होते, एवढंच.

साहेब पुण्याकडचा. हैदराबादेत नव्या कंपन्या आल्या, त्यांच्यासंगं आला. मी त्याचा कॅडी. बॅग खांद्यावर घेऊन उन्हात त्याच्या मागं मागं. तो माझ्याशी मराठीत बोलायचा. गौलीगुड्यात आमच्या भवती सगळं तेलुगू नाहीतर उर्दू. आईबापानं मराठवाड्यातून आणलेली बोली घरातच राहिलेली. ती साहेबाच्या तोंडून ऐकली की बरं वाटायचं. आपला माणूस वाटला. तिथंच फसलो.

तेव्हा क्लबात शिकायला येणारे लई वाढले. शिकवायला कॅडींतूनच एक जण घ्यायचं ठरलं. खेळून दाखवायचं, सरस ठरंल त्याला पक्की नोकरी. मला ती पाहिजे होती. सोमवारी मेंबरांचा खेळ बंद, त्या दिवशी आम्हा कॅडींना खेळायची मुभा. पण स्टिका सगळ्या टाकून दिलेल्या. आज जड, उद्या हलकी, परवा वाकडी. हात बसणार कसा?

म्हणून मागितलं. "साहेब, तुमचा जुना सेट द्या. परीक्षेपर्यंत एकच हातात राहू द्या."

"घे की. पडूनच आहे."

मग रोज पहाटे तारनाक्याला, रेल्वेच्या मोकळ्या मैदानात. आधी आखूड मारायचं. ते सरळ गेलं तरच लांब. चुकलं की परत आखूड. कंटाळा आला तरी तेच. बायको म्हणायची, "अहो, झोपेतबी मुठी वळताव तुम्ही." वळत असंल. बॉल सरळ जायला लागला होता. आपलंबी काही होतंय, असं जन्मात पहिल्यांदा वाटलं.

एका सोमवारी साहेब पाहुण्यांना क्लब दाखवायला आला. मी खेळत होतो. एक पाहुणा हसला, "अरे, तुझा कॅडी तुझ्यापेक्षा भारी मारतो!"

सगळे हसले. साहेब नाही.

"आडनाव काय रे तुझं?"

इतकी वर्षं विचारलं नव्हतं. सांगितलं. त्यानं माझ्या हातातली स्टिक घेतली. मुठीला धरून नाही. खालून, लोखंडाला धरून.

तिथनं थेट दुकानात. सगळा सेट परत, सगळ्या ग्रिप नव्या.

स्टिकचा चिखल पुसायला माझे हात चालत होते. धुवायला चालत होते. खेळायला नाही.

"साहेब, परीक्षा आलीय तोंडावर."

"तुला बॅग उचलायला ठेवलाय. उचल."

"नाही उचलत."

"काय?"

"माझा खांदा लागंल तिला. विटाळ होईल."

मोठ्यानं बोललो. पाहुण्यांनी ऐकलं. बॅग तिथंच, मी बाहेर. कॅडीचं काम सुटलं, त्यासंगं परीक्षाबी.

परीक्षेच्या दिवशी पहाटे सवयीनं मैदानात गेलो. हातात काहीच नाही. तसाच उभा राहिलो, पाय रोवून, मुठी वळून. मग खाली बसलो. लई रडलो. नोकरी दुसऱ्याला लागली.

पुढं साहेबाचा ड्रायव्हर घरी आला. "चलो चाचा, साब याद कररै."

"बोल उनकू, नक्को बोला."

बाजारात पोती वाहिली. बॅग नाही उचलली.

पोरगा आता म्हणतो, "बाबा, जाऊ द्या. जुनी गोष्ट झाली." कुणासाठी जुनी? माझे हात अजून मलाच विचारतात, आमचं काय चुकलं होतं.

काही चुकलं नव्हतं. माफ केलं नाही. करणार नाही. ह्या आडनावाच्या माणसानं बॉल सरळ मारला आणि साहेबाला ते सोसलं नाही, हे मरेस्तोवर सांगणार. त्याच्या नावासकट सांगणार.