डहाळीचा देव

आलापल्लीच्या वाटेवर, एका चढाच्या माथ्याशी, रस्त्यापासून जरा आत सागाच्या जंगलात एक देव आहे. मूर्ती नाही की देऊळ नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाहिलेल्या डहाळ्यांचा नुसता ढीग. बाबांची ॲम्बेसेडर त्या माथ्यावर पोचली की हटकून उकळायची. बाबा बॉनेट उघडून बाजूला उभे राहायचे आणि तोवर आम्ही पोरं आत जाऊन देवाला डहाळ्या वाहायचो. इंजिन निवलं की रेडिएटरमध्ये पाणी घालून पुढे निघायचं.

परवा मुलाच्या नव्या टर्बो गाडीतून त्याच वाटेनं गेले. पाय दाबला की पाठ कशी सीटला चिकटते, हे तो मला पुन्हा पुन्हा दाखवत होता. एकदम समोर पुढचं गाव दिसलं आणि माझं डोकंच फिरलं.

"देवापाशी थांब म्हटलं होतं ना तुले! कायची गाडी घेतली रे, चढबी समजत नाई हिले!"

"चढ? कुठी होता चढ, आई?"

तरी त्यानं गाडी वळवली आणि अगदी हळू चालवू लागला. "आता तू सांग, कुठी थांबू?"

काच खाली करून मी बघत राहिले. दोन्हीकडे सारखाच साग. लहानपणी इतक्यांदा आले, पण ती जागा मी कधी शोधलीच नव्हती. गाडी उकळायची, की देव आलेला असायचा.