पिठाचा हात

पाहुणा येणार म्हटलं की प्रेमलावहिनींना आधी चुना आठवतो. या वेळी त्यांच्या चुन्याने आमच्या तोंडचं पाणी पळवलं.

पाहुणी होती यामिनी, नवा रायपुरातल्या पुरातत्त्व कार्यालयातली. वहिनींचे यजमान, कै. वासुदेवराव, आयुष्यभर रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या मजुरांच्या हक्कांसाठी भांडले. त्यांचं घर संरक्षित स्मारक व्हावं का, हे ती बघून ठरवणार होती. नाही झालं तर वहिनींच्या दिराने ते बिल्डरला द्यायचं नक्की केलं होतं. घरात बघण्यासारखी म्हणजे बैठकीची निळी भिंत. पहिल्या संपाच्या दिवशी लिहिता न येणाऱ्या मजुरांनी सही म्हणून मशीनच्या तेलाने माखलेले पंजे तिच्यावर उमटवले होते. वासुदेवरावांनी वहिनींनाही हाक मारली. त्या कणीक मळत होत्या; तसाच हात त्यांनी कोपऱ्यात टेकवला. पुढे दर दिवाळीला त्या काळ्या डागांवरून नवऱ्याशी वाद घालत. स्वतःच्या हाताबद्दल मात्र चकार शब्द काढत नसत.

सकाळी मी, शेजारी म्हणून, तयारी बघायला गेलो तर भिंत पांढरीफट.

"वहिनी, हे काय करून ठेवलं?"

"काहून? सरकारी माणूस येऊन राहिला. त्याले काय कळकट भिंत दाखवू? काल संध्याकाळीच..." बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं आणि त्या मटकन खाली बसल्या. मला इतका राग आला होता की मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

यामिनी आली. तिने भिंतीवरून बोट फिरवलं. "काकू, पंजेच नसतील तर फाइल इथेच बंद होते."

"तेल आहे ते, वर येईल," मी ठोकून दिलं. खात्री मलाही नव्हती. वहिनींनी तिला जेवायला थांबवलं, पण ताटं तशीच पुढ्यात राहिली. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून बसलेलो.

दुपार कलताना चुन्यातून एक पिवळट डाग फुटला. मग दुसरा. वहिनी धडपडत उठल्या.

"हा अर्जुनचा. दोन बोटं मशीनीत गेली होती त्याची. हा इंद्रजीतचा."

ज्या डागांना उभा जन्म नावं ठेवली, त्यांना त्या नावाने हाका मारू लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. यामिनी फोटो काढत सुटली. "हो जाएगा, काकू. मी चांगलंच लिहून पाठवते."

वहिनी मात्र कोपऱ्यात वाकून बघत होत्या. तिथे चुना पांढराच होता. पिठात कुठलं आलंय तेल? मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या आत गेल्या आणि कणकेचा हात घेऊन आल्या.

"नको, काकू," यामिनी हळूच म्हणाली. "आता या भिंतीला काही लावायचं नाही. जसं आहे तसंच राहू द्यायचं."

"हव," म्हणत वहिनींनी मान डोलावली, आणि तो हात त्यांनी पदराला पुसला.