राहिलचं वाचणं

माझा मुलगा राहिल लहानपणी गाडीत कधी गप्प बसला नाही. इकडे आखातात, अल हिलालमधल्या आमच्या घरापासून शाळेपर्यंत दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायचा, आधी इंग्रजी, मग अरबी. मराठी तेवढी माझ्याकडून शिकला, तीही गावाहून आलेल्या पापडांच्या पाकिटांवरून.

पुढे तो एका गोदामात स्टोअरकीपर झाला. खोक्यांवरची लेबलं वाचायची आणि माल जागच्या जागी लावून घ्यायचा, हे त्याचं काम. शुक्रवारी सुट्टीला एशियन टाउनच्या बाजारात गेला की ओळखीचे लोक त्याच्यापुढे मोबाइल धरायचे. "राहिलभाई, बँकेनं काय लिवलंय बघ." तो वाचून सांगायचा आणि वर चहाही वसूल करायचा.

या हिवाळ्यात एका सकाळी तो उठला आणि म्हणाला, "अम्मी, माझा फोन कुणी बदलला? सगळं भलत्याच भाषेत दिसतंय." बोलणं नेहमीसारखं स्वच्छ होतं, म्हणून आम्ही हसलो. दुपारी उजव्या बाजूची भिंत न दिसून तो तिच्यावर आपटला, तेव्हा दवाखान्यात धावलो.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. अक्षरांची ओळख मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते. त्याच बाजूचा मागचा, बघण्याचा भाग रक्त न पोचल्यानं गेला. उजव्या अर्ध्या भागाला दिसतं. पण दोन्हींना जोडणारा मागचा दुवाही दुखावलाय, त्यामुळे तिकडे दिसलेलं डावीकडे पोचत नाही. मग त्यांनी राहिलला कागद दिला. त्यानं आपलं नाव, गावाचं नाव झोकात लिहिलं. थोड्या वेळानं तोच कागद त्याच्यासमोर धरला.

"हे कुणाचं अक्षर?" राहिलनं विचारलं.

कंपनीनं ईदपर्यंत जागा राखली होती. नोकरी गेली की इथं राहण्याचा परवानाही जाणार.

रमजानमध्ये एका दुपारी अस्रची नमाज झाल्यावर तो कुराण घेऊन बसला आणि त्यातला यासीन हा अध्याय म्हणू लागला. बोट ओळीवरून उजवीकडून डावीकडे सरकत होतं. त्याचे अब्बा, हाफिज, धावत आले. "आयकलंस गो? पोर वाचतोय!" आणि लगेच गोदामाच्या सुपरवायझरला फोन. "मुनाफ, खलास! राहिल बरा झाला. रविवारी कामावर येतोय."

"पाठवा चाचा, पाठवा! इथं कंटेनर तुंबलेत," मुनाफ ओरडला.

मी आनंदानं राहिलशेजारी जाऊन बसले आणि पान बघितलं. ते सूरह रहमानचं, दुसऱ्याच अध्यायाचं होतं. त्यात तीच आयत, तीच ओळ पुन्हापुन्हा येते, नजरेला लगेच कळते. राहिलच्या तोंडात मात्र यासीन. आमच्या घरांत दर गुरुवारी संध्याकाळी यासीन होते. पोरांना अक्षरं जुळवता येण्याआधीच ती पाठ झालेली असते, आणि तोंडाबरोबर बोट चालवायची सवयही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरी दारातून ऐकताना मीही फसले.

"राहिल, पान..." मी हळूच म्हटलं.

तो थांबला. "मी वाचत नव्हतो, अम्मी. वाटलं, म्हणत राहिलो तर अक्षरं ओळखीची होतील. अब्बा एवढे खूश झाले, मग बोलवेना."

मी हाफिजना सांगितलं. ते फोन हातात धरून बसून राहिले. "मुनाफला काय सांगू आता? लिहिता येतं, बोलता येतं, फक्त वाचता येत नाही? नाटक वाटेल त्याला." मग म्हणाले, "रविवारपर्यंत येईलही. बघू."

मी अडवायला हवं होतं. पण अडवून त्याला घरी तरी कशासाठी बसवायचं? रविवारी राहिलनं कंपनीचा शर्ट घातला. दारात बुटांच्या नाड्या बांधताना त्यानं विचारलं, "अम्मी, लेबलं मुनाफ मोठ्यानं वाचून दाखवेल का? ऐकलं की मला कळतं."

खाली हाफिज हॉर्न वाजवत होते. मी "इन्शाल्ला" म्हणाले आणि लिफ्टचं बटण दाबून दिलं.