रिकामी वाटी

शेजारच्या सुमनताईंनी आज सकाळी माझी वाटी रिकामीच परत केली. आमच्याकडे असं कुणी करत नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. "घाईत आहे हं," म्हणाल्या आणि गेल्या.

परवा दिलेली खीर आवडली नसेल. नाही, मीच आवडत नसेन. बहीण हल्ली फोन करत नाही, तेही त्यामुळेच. दुपारपर्यंत जगात माझं कुणीच उरलं नव्हतं. मन कसं घसरत जातं ते मला दिसतं, अगदी पायरी न् पायरी दिसते, आणि तरी थांबवता येत नाही. समोरचं दार वाजवून विचारणंही जमत नाही.

संध्याकाळ झाली. वाटी ओट्यावर तशीच आहे. त्यांनी रिकामी दिली होती; दिवसभर ती मीच भरत बसले.